श्रीरंगच्या नावाची घागर

सुभद्राबाईंना एकच भाऊ होता. तो जिवंत होता, कराचीत राहत होता, तिकडच्या सिंध प्रांताच्या विधानसभेत निवडून गेला होता. आणि इकडे सुरतेच्या नवागाममध्ये सुभद्राबाई दर आखाजीला त्याच्या नावानं घागर भरत होत्या, जशी मेलेल्यासाठी भरतात.

खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं मातीच्या घागरी भरून मांडायच्या, वर खरबूज ठेवायचं, पुरणपोळीचा आणि आमरसाचा घास निखाऱ्यावर टाकायचा, आणि बाहेरच्या एखाद्या माणसाला पितर म्हणून पाटावर बसवून जेवू घालायचं. तो जेवला की मेलेले जेवले. शेत सुटलं, गाव सुटलं, तरी सुरतेच्या संच्यांवर, म्हणजे यंत्रमागांवर, काम करायला आलेल्या माणसांनी हे सोबत आणलं. गावी जाणं न जमलेली घरं नवागामच्या खोल्यांमध्येच निखारे पेटवत.

सुभद्राबाईंचा जन्म कराचीचा. वडील शिंदखेड्याकडचे, तिथल्या गोदीत सुतार. तेव्हा कराचीत मराठी माणसं पुष्कळ. सुभद्राबाईंना आठवायच्या त्या उंटांच्या गाड्या, लाकडाच्या भुशाचा वास, आणि खांद्यावर बसवून समुद्र दाखवणारा श्रीरंग. तो पंधरा वर्षांचा, ती नऊ वर्षांची. फाळणी झाली तेव्हा आईनं तिला घेऊन मुंबईची बोट पकडली. वडील म्हणाले, दिवाळीपर्यंत सगळं शांत होईल, नोकरी कशाला सोडायची. श्रीरंग वडिलांसोबत राहिला. बोटीला गर्दी इतकी होती की त्याचा निरोप नीट घेताच आला नाही. धक्क्यावर दिसणाऱ्या अनेक डोक्यांपैकी कुठलं त्याचं, हे सुभद्राला कळलं नाही.

पुढं आई मामाच्या घरी वारली, वडील कराचीत. पत्रं येत होती, ती पासष्टच्या लढाईनंतर थांबली. तोवर सुभद्रेचं लग्न भाईदासशी झालं होतं. भाईदास सुरतेत संच्यांवर लागला, पुढं खात्यात, म्हणजे संच्यांच्या शेडमध्ये, मास्तर झाला. माणूस कष्टाळू आणि भित्रा. एकाहत्तरच्या लढाईत सुरतेचे दिवे बंद ठेवायचे हुकूम झाले, तेव्हा शेजारच्या गल्लीतल्या एकाला केवळ रेडिओचा काटा चुकीच्या जागी आढळला म्हणून लोकांनी धरून नेलं. तो परत आला, पण पूर्वीसारखा बोलेनासा झाला. भाईदासनं हे डोळ्यांनी पाहिलं. लढाई संपल्यावर दुबईच्या कुणाकडून फिरत फिरत श्रीरंगचं पत्र आलं, तेव्हा त्यानं ते चुलीत घातलं. त्याच आखाजीला त्यानं बाजारातून एक घागर जास्त आणली.

बायको म्हणाली, "ही कुणाची?"

"तुझ्या भावाची. आजपासून तो गेला. पोरांना हेच सांगायचं."

सुभद्राबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी घागर भरली. फक्त काठापर्यंत भरली नाही, चार बोटं रिकामी ठेवली. जिवंत माणसाची पूर्ण घागर भरली तर त्याचं आयुष्य तुटेल असं त्यांना वाटलं. उणी घागर पितरांना पोचत नसावी, असा हिशेब त्यांनी मनाशी मांडला. कुणाला सांगितला नाही. शेजारच्या मालतीबाई दरवर्षी म्हणायच्या, भावाला पाणी देताना एवढा हात आखडता कशाला घेतेस. सुभद्राबाई म्हणायच्या, घागर पाझरते.

भाईदास गेल्यावरही घागर राहिली. आता ती मोडायची तर कारण सांगावं लागलं असतं.

घर चालवायला त्या बॉबिन भरायच्या कारखान्यात जाऊ लागल्या. मालक हनीफभाई. त्यांची सासुरवाडी कराचीची. बायको वर्षाआड तिकडे जाऊन यायची. बोलता बोलता एकदा तिनं तिकडच्या एका हिंदू पुढाऱ्याची गोष्ट सांगितली. गोदीतल्या हमालांचा नेता, लष्करी राजवटीत तुरुंगात जाऊन आलेला, सिंधी-उर्दू फाडफाड बोलतो पण रागावला की कुठल्याशा भलत्याच भाषेत शिव्या देतो. नाव सांगितलं आणि सुभद्राबाईंच्या हातातली बॉबिन फिरायची थांबली.

त्या दिवसापासून हनीफभाईंच्या घरून त्यांना भावाचं आयुष्य तुकड्या-तुकड्यानं मिळत गेलं. तो नगरसेवक झाला. नव्वद साली प्रांताच्या विधानसभेत गेला. तिकडे हिंदूंची मतं वेगळी, जागा वेगळ्या. साऱ्या प्रांतात विखुरलेल्या हिंदूंनी आपल्यापुरती माणसं निवडायची. थरपारकरच्या वाळूतल्या वस्त्यांपर्यंत जीपनं हिंडून त्यानं मतं मागितली होती म्हणे. सभेत कुणी ओरडलं की हा हिंदुस्थानचा हस्तक आहे, त्याचे नातलग तिकडे आहेत, तेव्हा त्यानं काय उत्तर दिलं हे हनीफभाईंच्या बायकोला माहीत नव्हतं. ब्याण्णवच्या डिसेंबरात तिकडे देवळं पाडली गेली, तेव्हा तो स्मशानाच्या भिंतीपाशी हमाल घेऊन उभा राहिला, भिंत वाचली. त्याच डिसेंबरात इकडे सुरत जळत होती आणि हनीफभाई कुटुंबासह कारखान्याच्या माळ्यावर लपले होते. त्यानंतर ते नवागामच्या गल्लीत कधी आले नाहीत. माल न्यायला, आणायला माणूस पाठवत.

त्र्याण्णवच्या निवडणुकीत श्रीरंग हरला. आणि हरल्यावर त्यानं हिंदुस्थानचा परवाना मागितला. यात्रेकरूंचा जथा होता, दिल्ली, हरिद्वार, मुंबई. त्यानं सुरतही लिहिलं, आणि कारण म्हणून बहिणीचं नाव.

हे सुभद्राबाईंना कळलं ते पोलीस जमादार दारात आला तेव्हा. राठोड नाव, साधे कपडे, हातात हेल्मेट. त्याच आठवड्यात तो एकदा येऊन गेला होता, वेगळ्या कामाला. ललित, सुभद्राबाईंचा मुलगा, तापीच्या वरच्या अंगाला झालेल्या नव्या सरकारी वीजघरात फिटर म्हणून निवडला गेला होता. तिथं पोलीस चौकशी कडक. घरात कोण, वागणूक कशी, परदेशात कुणी आहे का. ललितनं सांगितलं, कुणी नाही. खरंच सांगितलं, त्याला मामा मेलेलाच माहीत होता. आयटीआय करून सहा वर्षं तो बारा-बारा तास संच्यांच्या धडधडीत उभा होता, डाव्या कानानं कमी ऐकू यायला लागलं होतं. ही नोकरी गेली असती तर दुसरा कानही तिथंच गेला असता.

जमादारानं विचारलं, "मासी, तुमारा भाई है पाकिस्तान में?"

सुभद्राबाई म्हणाल्या, "होता. मेला."

"कधी?"

"लढाईत."

कुठल्या लढाईत हे त्यानं विचारलं नाही. बाहेर मालतीबाई कुरडया वाळत घालत होत्या, त्यांना हाक मारून खात्री केली. मालतीबाईंनी पदराला हात पुसत ठासून सांगितलं की अहो, दर आखाजीला त्याच्या नावाची घागर असते, मी स्वतः पुरण वाटायला येते. जमादारानं मान हलवली. घागरीपेक्षा मोठा पुरावा तो काय मागणार.

बाकी शहरांचा परवाना श्रीरंगला मिळाला, सुरतचा मिळाला नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी हनीफभाईंनी सुभद्राबाईंना कारखान्याच्या आतल्या खोलीत बोलावलं. पंखा मुद्दाम मोठा केला. म्हणाले, तो मुंबईत आहे, उद्या येतो म्हणतो. सुभद्राबाई खाली बसल्या. त्या म्हणाल्या, तुम्हाला सांगितलं तेच त्यालाही सांगा, मी पोलिसांना सांगितलंय तो मेला म्हणून. त्याला पकडतील, माझ्या पोराची नोकरी जाईल, तुमचंही नाव येईल.

"सगळं सांगितलं, बहेन," हनीफभाई म्हणाले. "तिकडे मोठा लीडर असेल, इथं लहान पोरासारखा हट्ट धरून बसलाय. म्हणतो, मेलोय ना? मग आखाजीला मेलेल्याला जेवायला बोलावतात. मी पितर म्हणून येतो."

सुभद्राबाई उठल्या. घरी येऊन त्यांनी पुरण शिजायला टाकलं.

आखाजीला नवागाम गप्प असतं. निम्मे कामगार गावी गेलेले, संचे बंद. एरवी जमिनीतून पायात चढणारी धडधड नसते, त्यामुळे शेजारच्या खोलीत भांडं ठेवलं तरी ऐकू येतं. त्या दिवशी सुभद्राबाईंना ही शांतता नको होती. इथं आता प्रत्येक शब्दाला कान होते.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा तो आला. पांढरा लेंगा-सदरा, डोक्यावर खादीची टोपी, जी त्याला हनीफभाईंनी घातली असावी, कारण ती नीट बसत नव्हती. हनीफभाई त्याला गल्लीच्या तोंडाशी सोडून वळले. ललित आंबे आणायला गेला होता. दारात उभ्या म्हाताऱ्याकडे सुभद्राबाईंनी पाहिलं आणि पहिल्यांदा त्यांना वडील दिसले. मग भाऊ.

तो अहिराणीत बोलला. सत्तेचाळीस साली जशी तोंडात होती तशीच, जुनी, आता गावातही न राहिलेली.

"बहीन, मी त मरी गयेल शे ना? मंग जेवाले वाढ."

सुभद्राबाईंनी दार लोटलं. पूर्ण लावलं नाही. भर दुपारी लावलेलं दार गल्लीला दिसतं. त्या रडल्या नाहीत, रडण्याचाही आवाज झाला असता. दोघं भिंतीला टेकून कुजबुजत बोलले, जेमतेम पुरण परतायला लागतं तेवढा वेळ. त्यांनी ललितचं सांगितलं. पोलिसांना काय बोलले तेही आपल्या तोंडानं सांगितलं, आणि मान खाली घातली.

"तू बरोबर केलंस," श्रीरंग म्हणाला. "मी पण हेच केलं. सभेत विचारलं त्यांनी, तुझी बहीण हिंदुस्थानात आहे का. मी माइकवर सांगितलं, बोटीवर मेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. निवडून आलो."

"मंग आता माझं नाव का लिहिलं?"

"हरलो ना. हरलेल्याला खरं बोलता येतं."

तो मांडलेल्या घागरींकडे गेला. कुणाची कुठली ते विचारलं नाही. शेवटच्या घागरीवरचं खरबूज उचलून त्यानं आत पाहिलं, बोट बुडवून पाणी किती खाली आहे ते पाहिलं, आणि खरबूज परत ठेवलं. बहिणीकडे वळला तेव्हा त्याचा चेहरा उघडा पडला होता. इतक्या सभा, इतकी भाषणं केलेल्या माणसाचा चेहरा असा राहू नये.

तेवढ्यात मालतीबाई कुरडयांचं ताट घेऊन आत आल्या. "अगं, पितर आले वाटतं. कुठले म्हणायचे पाहुणे?"

"शिंदखेड्याकडचे," सुभद्राबाई म्हणाल्या. "देवळात भेटले. घरी कुणी नाही त्यांच्या."

श्रीरंगनं हात जोडले. मालतीबाईंनी त्याला नाव विचारलं, तर सुभद्राबाई मध्येच म्हणाल्या की पितरानं जेवून पाटावरून उठेपर्यंत बोलायचं नसतं. मालतीबाई थबकल्या. त्यांच्या गावी असं काही नव्हतं. सुभद्राबाई म्हणाल्या, आमच्याकडे असतं. त्यांच्याकडेही नव्हतं. पण भाऊ दोन वाक्यं बोलला असता तर तिसऱ्यात कराची आली असती.

ललित आंबे घेऊन आला, हातपाय धुऊन पाहुण्याच्या पाया पडला. श्रीरंगनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि जरा जास्तच वेळ ठेवला. ललितनं आईकडे पाहिलं. आई निखारे फुलवत होती.

आणि मग बाहेर स्कूटर थांबली. शांत गल्लीत ती सगळ्यांना ऐकू आली.

राठोड जमादार चप्पल काढून आत आला. ललितच्या चौकशीसाठी दोन शेजाऱ्यांचा जबाब राहिला होता, सणाला माणसं घरी सापडतात म्हणून आलो म्हणाला. खाटेवर बसला. पाटावर बसलेल्या माणसाकडे त्याची नजर गेली ती तिथंच राहिली.

"मेहमान छे, मासी?"

"पितर आहेत," मालतीबाईंनीच उत्तर दिलं. त्यांना सणाचा उत्साह होता. "जमादारसाहेब, आज यांना काही विचारू नका हो. पितराला बोलतं केलं तर तो विचारणाऱ्याच्या घरी जातो."

जमादार हसला. पण त्यानं पाहुण्याला विचारलं नाही. ललितला विचारलं, "तू ओळखतोस यांना?"

"नाही," ललित म्हणाला. "आईनं बोलावलेत."

सुभद्राबाईंनी घास हातात घेतला. निखाऱ्यावर तो टाकताना गेलेल्यांची नावं मोठ्यानं घ्यायची असतात. त्यांनी सासऱ्यांचं नाव घेतलं, सासूचं घेतलं. वडिलांचं, आईचं. भाईदासचं. तूप जळाल्याचा वास खोलीत भरला. एक घास उरला. मालतीबाई वाट पाहत होत्या, त्यांना क्रम पाठ होता. जमादारालाही माहीत होतं आता कुणाचं नाव यायचं. त्यानंच तर ते लिहून घेतलं होतं. भाऊ हातभर अंतरावर, पोळीवर हात ठेवून बसलेला. नाव घेतलं नसतं तर का घेतलं नाही हे विचारलं गेलं असतं. त्या मागं वळून बघू शकत नव्हत्या. घास त्यांच्या बोटांत तसाच राहिला. मालतीबाई म्हणाल्या, "घे ना गं, निखारा विझतोय."

पाटावरच्या माणसानं पाण्याचा पेला उचलून हळूच खाली ठेवला. वाजेल इतपत. लहानपणी, अंधाराला घाबरून ती बोलेनाशी झाली की तो असाच काहीतरी वाजवायचा, मी इथं आहे हे सांगायला.

"श्रीरंग," सुभद्राबाई म्हणाल्या आणि घास सोडला.

श्रीरंग जेवू लागला. सावकाश, मान वर न करता. खापरावरची पोळी त्यानं रसात बुडवली, आणि मालतीबाई नंतर कित्येक दिवस सांगत राहिल्या की इतका भुकेला पितर त्यांनी पाहिला नव्हता. सुभद्राबाई वाढत राहिल्या. त्यानं नको म्हटलं नाही, कारण त्याला बोलायचं नव्हतं. आणि त्याला बोलायचं नव्हतं म्हणून त्या आणखी वाढत गेल्या. खोलीत फक्त त्याच्या चावण्याचा आवाज होता.

जमादाराला वाटीभर आमरस दिला. त्यानं तो प्यायला, वाटी खाली ठेवली. एकदा सुभद्राबाईंच्या तोंडाकडे बघितलं, एकदा पाहुण्याच्या. दोघांच्याही भुवया मधोमध जुळलेल्या होत्या, आणि ते लपवायला टोपीचा काही उपयोग नव्हता. ललितच्याही तशाच होत्या, पण ललित आता आंबे कापत खाली वाकला होता. जमादार बराच वेळ हेल्मेटचा पट्टा बोटाला गुंडाळत बसला. मग मालतीबाईंना म्हणाला, चला, तुमचा जबाब तुमच्या घरी घेतो, इथं जागा नाही.

उंबऱ्यात चप्पल घालताना तो न वळता म्हणाला, "मासी, पितर को सूरज ढलने से पहले बिदा कर देना. ललितचे कागद मी उद्या पाठवतो."

तो गेला. श्रीरंगनं ताटातलं शेवटचं शीत उचललं. हात धुतले. आता तो बोलू शकत होता, पण ललित समोर होता. आणि ललितला जितकं कमी माहीत तितकं त्याचं खरं खरं राहणार होतं. त्यानं सदऱ्याच्या खिशात हात घातला, काहीतरी द्यायला असावं, पण ते पुढंमागं कुणाला दिसलं असतं, सापडलं असतं. हात रिकामाच बाहेर आला. तो बहिणीसमोर उभा राहिला. सुभद्राबाईंनी रीतीप्रमाणे त्याच्या कपाळाला कुंकू लावलं. बोट तिथून निघायला वेळ लागला.

त्यांनी ललितला सांगितलं, पाहुण्यांना हमरस्त्यापर्यंत सोडून ये, रिक्षा करून दे. त्या स्वतः उंबऱ्याबाहेर गेल्या नाहीत. पितराला पोचवायला घरची बाई दाराबाहेर जात नाही, आणि मालतीबाईंच्या खिडकीतून गल्लीच्या टोकापर्यंत दिसत होतं. दोघं चालत गेले ते त्यांनी फटीतून पाहिलं. मामा-भाच्याची चाल सारखी, डावा पाय किंचित बाहेर टाकणारी. गल्ली वळली तिथं ते दिसेनासे झाले.

ललित परतला तोवर त्या भांडी घासत बसल्या होत्या. हात राखेत तसेच ठेवून त्यांनी विचारलं, काही बोलले का ते?

"रिक्षात बसताना बोलले," ललित म्हणाला. तो दाराशीच उभा होता. "मला म्हणाले, तुझा कान कुठल्या बाजूचा खराब आहे. मी म्हटलं, डावा. तर उजव्या बाजूला येऊन म्हणाले, आईची काळजी घे."

त्यानं पाण्याचा तांब्या उचलला, प्यायला नाही.

"आई, कानाचं त्यांना कुणी सांगितलं? आपण तर कुणाला सांगत नाही."

सुभद्राबाईंनी ताट उलटं केलं. बाहेर दूर कुठंतरी, सण न पाळणाऱ्या एखाद्या खात्यात, संचे सुरू झाले होते.

"आई, कोण होते ते?"

उद्या कागद जाणार होते. परवा वीजघरातला कुणी साहेब त्याला समोर बसवून पुन्हा हेच विचारणार होता, परदेशात कुणी आहे का, आणि हा पोरगा खोटं बोलताना लगेच खाली बघायचा, लहानपणापासून.

"मला माहीत नाही," सुभद्राबाई म्हणाल्या. "देवळात भेटले."

ललित थोडा वेळ आईच्या पाठीकडे पाहत राहिला. मग त्यानं तांब्या तोंडाला लावला.